काचेवर उतू गेलेलं दूध

सदाशिव पेठ, पुणे
शनिवार, २८ डिसेंबर २०२४

चि. सौ. अस्मितास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली विजेवरची काचेची शेगडी परवा बसली. योगेश वायरमन वेगळी जोडणी करून, ओटा पुसूनसुद्धा गेला. तुझे उपकार मानू म्हटलं तर तू रागावशील, तरी मानते. नाकाला वास येत नाही, त्यात दिवाळीनंतर एकदा गॅस चालूच राहिला, म्हणून सलिलने सिलिंडर परत केला, आणि मी महिनाभर डब्याचं जेवत होते. डब्यातली आमटी रोज एकाच चवीची. आता सकाळचा चहा माझा मी करते, याचं सुख तुला लिहून कळायचं नाही.

पण एक घोटाळा झाला आहे. सलिलला कळू देऊ नकोस. नवीन शेगडी म्हणजे पहिल्यांदा दूध उतू घालवायचं, हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले. हळदकुंकू वाहिलं, पातेलीत दूध ठेवलं आणि हात जोडून उभी राहिले. दूध गेलं उतू. पण या बयेला ना बर्नर, ना खालची ताटली. सगळं दूध काचेवर पसरलं आणि काळं ठिक्कर झालं. तारेची घासणी हातात घेतली होती, पण तुझी आठवण झाली आणि ठेवून दिली. शिवाय ती मधूनच विझते आणि आपली आपण लाल होते. बिघडली की काय?

तुला ठाऊकच आहे, मला शेगडी सांभाळता येते का, हे सलिल संक्रांतीला येऊन बघणार आहे. त्याची खात्री पटली नाही तर हा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि मी शहराबाहेर मांजरीला तुमच्याकडे यायचं. तुमचं घर छान आहे, गच्चीतून ऊस दिसतो, तू तर लेकीसारखी आहेस. पण तिथे मला कुणीतरी चहा आणून देईल, आणि इथे मी दुसऱ्याला देते. शेजारच्या खोलीतली अपेक्षा वाशीमहून शिकायला आली आहे. परीक्षेच्या दिवशी ती माझ्याच हातचा दहीभात खाऊन जाते. मला इथे राहायचं आहे, अस्मिता. हे तुलाच लिहू शकते.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून पाकीट दर शनिवारी येणाऱ्या सलिलच्याच हाती देते आहे. तो उघडून बघणार नाही, तेवढे संस्कार मी केलेत. लोभ आहे तसाच राहू दे, आणि त्यातला थोडा त्या काचेलाही लाव.

तुझी,
आई


मांजरी
शनिवार, ४ जानेवारी २०२५

ती. आईंस अस्मिताचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की सलिलने दोनदा विचारलं, काय झालं. पाककृती आहे म्हणून सांगितलं. दूध उतू घालवण्याचं मलाच सुचायला हवं होतं. मी शेगडीची सगळी माहिती वाचली, पण हे त्यात कुठे असणार?

काच बिघडलेली नाही. शेगडी कोमट असताना तिच्याबरोबर आलेलं पातं आडवं धरून खरवडा, मग ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने पुसा. घासणी नकोच, ओरखडे पडले की कायमचे. मधून विझते ती तिची पद्धत आहे. हवी तेवढी तापली की थांबते.

भांडं सपाट बुडाचं आणि गोलाएवढं घ्या. तुमचा मधे खोलगट झालेला तवा आता कुंडीखाली ठेवा, दुसरा पाठवते. बूड कोरडं करून ठेवा, झाकण घाला. आणि पदार्थ व्हायच्या जरा आधीच बटण बंद करा. ही शेगडी बंद झाल्यावरही बराच वेळ तापलेली असते, अर्धाकच्चा भात ती फुकटात शिजवते. ती काळी दिसली म्हणून गार समजू नका. कोपऱ्यातला लाल दिवा विझेपर्यंत तिला हात लावायचा नाही, वर ताटल्या ठेवायच्या नाहीत.

सगळ्यात जपायचं ते साखर-गुळाला. दूध थांबेल, गूळ थांबत नाही. तो काचेवर गार झाला तर काचेचा टवका काढतो. सांडला तर लगेच बटण बंद, हातात जाड फडकं, आणि गरम असतानाच पात्याने बाजूला. संक्रांतीला तुम्ही गूळपोळ्या करणार, हे मला माहीत आहे. नका करू असं म्हणून बघितलं असतं, पण तुम्ही ऐकणार नाही, आणि मलाही त्या हव्यात.

मी तुमच्या बाजूने का, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. लग्न होऊन आले तेव्हा मला धड वरण येत नव्हतं. तुम्ही ओटा माझ्या ताब्यात दिलात आणि स्वतः बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलात. वरण करपल्यावरही आत आला नाहीत. ते मी विसरलेले नाही. माणसाला आपला ओटा असावा.

इथली खोली तुमच्यासाठी आहेच, पण ती तुम्ही याल तेव्हाची. आशीर्वाद चालू ठेवावा.

तुमची,
अस्मिता


मांजरी
शनिवार, १८ जानेवारी २०२५

ती. आईस सलिलचा सा. नमस्कार.

हे पत्र भाजीच्या पिशवीत ठेवतो आहे. समोर सांगायचं तर मला ओरडून सांगावं लागेल, आणि खालच्या श्यामरावांना ते आधी कळेल.

मंगळवारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून परीक्षाच घेत होतो. तू काहीतरी विसरशील याची वाटच बघत होतो म्हण. एक पोळी फुटली आणि गूळ तव्यावरून काचेवर आला. मी पुढे होईपर्यंत तू बटण बंद केलं होतंस, तवा उचलला होतास आणि जाड फडकं धरून गूळ सोलून काढलाही होतास. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मग मी मदत म्हणून पोळ्यांचं ताट शेगडीवर ठेवायला गेलो, कारण ती काळी दिसत होती. तू माझं मनगट धरलंस आणि लाल दिव्याकडे बोट दाखवलंस. तुला भाजू नये म्हणून आलो होतो, आणि भाजण्यातून वाचलो मी.

घर भाड्याने द्यायचं नाही, असं एजंटला कळवलं आहे. तू तिथेच राहा.

पण एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. गॅसच्या त्या दिवशी श्यामरावांचा फोन आला, मी निघालो, आणि हडपसरला अडकलो. तुला फोन लावत राहिलो. तुला रिंग ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी लावत राहिलो. मला शेगडीची भीती कधी नव्हती, आई. फोन वाजतोय आणि उचलणारं कुणी नाही, याची आहे. ती अजून गेलेली नाही. तिचं काय करू ते कळत नाही.

चूकभूल पोटात घाल.

तुझा,
सलिल


सदाशिव पेठ, पुणे
शनिवार, २५ जानेवारी २०२५

चि. सलिल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आठवडाभर उशाशी आहे. आज स्वतःला आलेलं पत्र स्वतःच घेऊन चालला आहेस, टपालखात्यात शोभला असतास.

मला इथे राहू दिलंस, याबद्दल तुझे आभार. आईने मुलाचे आभार मानू नयेत असं म्हणतात, पण मी मानते. शेगडी अस्मिताने दिली, तिची निगा तिनेच पत्रांतून शिकवली. ती पाककृती कसली होती ते आता तिलाच विचार. संध्याकाळी अपेक्षा मला काच पुसू देत नाही, तिला ती आरशासारखी करायला आवडतं.

तुझ्या भीतीला माझ्याकडे औषध नाही. पण एक वचन देते. ज्या दिवशी तो लाल दिवा मला दिसेनासा होईल, किंवा दिसूनही त्याचा अर्थ लागणार नाही, त्या दिवशी मी होऊन सांगेन. तू परीक्षा घ्यायला येऊ नकोस, मीच पेपर कोरा देईन. मग मांजरीची खोली माझी.

आणि तू एकटाच भितोस असं समजू नकोस. शनिवारी तुझी पावलं जिन्यावर मला ऐकू येत नाहीत, बेलही ऐकू येत नाही. त्यामुळे दुपारचा चहा झाला की मी दार सताड उघडं टाकते, खुर्ची दाराकडे वळवते आणि बसते. तू तासाने येशील, नाहीतर रस्त्यात अडकून अंधार पडल्यावर येशील, मी तिथेच असते. आत येताना तुला मी नेहमी समोरच दिसते ना, ते त्यासाठी.

दोघांवर माझी माया आहेच, ती मोजू नका.

तुझी,
आई