दयाळाचं निळं खोकं

मांडवगण फराटा
९ फेब्रुवारी २०२५

ती. चांगदेवमामांस,
तेजश्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या पत्रात तुम्ही एकच प्रश्न विचारलात, की ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलं तिथं पाखरू राहायला येतं का. मामा, याचं उत्तर मला येत नाही. पक्ष्यांच्या खोक्याचं भोक केवढं असावं, तोंड कुठल्या दिशेला असावं, हे सगळं पुस्तकात सापडलं. हे कुठंच लिहिलेलं नाही. येईल असं मला वाटतं, पण ते नुसतं माझं वाटणं आहे.

मामी मोरीत पडली, हाका मारत राहिली आणि तुम्ही मागच्या अंगणात रंधा मारत होता. टायफॉइडनं कान नेलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, यात दोष कुणाचा? घरात आम्ही सगळे हेच म्हणतो. तुम्हीच तेवढे म्हणत नाही.

आई रोज विषय काढते. चांगदेवदादाला इकडं आणा, बहिऱ्या माणसाला दौंडात एकटं कशाला ठेवता, म्हणते. मी तिच्याशी भांडते. ते तुमचं घर आहे, मामीनं तीस वर्षं सारवलेलं आणि रंगवलेलं. शेवटी आमचा असा करार झाला, की पावसाळ्यापर्यंत वाट बघायची. तुम्ही तिथं रमलात तर तिथंच राहायचं, नाही तर टेम्पो आणून सामान भरायचं. म्हणून मी या खोक्याच्या इतकी मागं लागले आहे, हे तुम्हाला कळलं असेलच.

रेल्वेत आयुष्यभर सुतारकाम केलेल्या माणसाला खोकं कसं करायचं ते मी काय सांगणार? फक्त एवढं बघा: झाकण बिजागरीचं असू द्या, म्हणजे आत डोकावता येईल. भोक लहान कपाच्या तोंडाएवढं. तळाला पाणी निघायला बारीक छिद्रं. कडुनिंबाच्या खोडाला, मांजर पोचणार नाही इतकं उंच बांधा, तोंड पूर्वेला. दयाळ आला तर ओळखायला सोपा: नर काळापांढरा, शेपटी सदा वर. मादी राखाडी. मीही यात नवशिकीच आहे, इथं एक खोकं मीही बांधते आहे. आपण दोघं मिळून शिकू.

चार ओळी लगेच टाका. माया आहे तशी असू द्या.

तुमची भाची,
तेजश्री

•

दौंड
१६ मार्च २०२५

चि. तेजूस,
मामाचा जयभीम आन् आशीर्वाद.

पाखरू आलं. आधी ते सांगतो, मग बाकीचं.

जोडी हाय. नर तारंवर बसून चोच उघडतो, गळा फुगवतो. गातोय, एवढं कळतं. हसीना शेजारीण हाताच्या खुणा करून सांगती की लई गोड हाय. ती मला भाऊ म्हणती आन् शाळंतल्या पोरावानी समजावून सांगती. तिला म्हणलं, तू ऐक, मी बघतो, दोघांचं मिळून एक पाखरू पुरं होतंय.

आता एक गोष्ट. तुझी मामी डोकं इंचरलं की गळालेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचायची. मी कितीदा बोललो, फेकून दे म्हणून. ऐकायची न्हाई. परवा बघतो तर मादी त्या फटीतून केस वडून काढतीय. चोचीत पांढरे केस घेऊन खोक्यात गेली. मी तिथंच बसलो. जेवायचं पण राह्यलं. तू इचारशील म्हणून सांगतो, रडलो न्हाई. म्हंजी थोडं.

झाकण उघडून बघितलं, तू सांगितल्यावानी, मादी बाहेर गेल्यावर. चार अंडी. हिरवट निळी, वर मातकट ठिपके. माझा प्रश्न सुटला. माणूस गेलेल्या घरात बी पाखरू येतं.

तुझ्या खोक्यात कोण आलं ते कळव. बी.एस्सी. झालीस, तुझ्याकडं तर मोरच यायला पायजे.

तुझ्या आईला, सोजरला सांग, टेम्पोची घाई करू नको. सगळ्यांवर माझी माया हाय असं कळव.

तुझा मामा,
चांगदेव

•

मांडवगण फराटा
४ एप्रिल २०२५

ती. मामांस,
तेजश्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. पिल्लं निघाली! मी आईला वाचून दाखवलं, तर ती चुलीपुढून उठून आली आणि पुन्हा वाच म्हणाली. केसांचं वाचल्यापासून ती टेम्पोचं नाव काढत नाही. मामा, हे तुम्ही केलंत.

माझ्या खोक्यात पाल राहते. आधी मुंग्या होत्या, त्यांना तिनं खाऊन टाकलं. आई म्हणते, तिच्याकडून भाडं घे आणि पुण्याला जा. जूनमध्ये मला पुण्यात एम.एस्सी.ला जायचंय, वसतिगृहासाठी अर्ज केला आहे. घरातून एवढ्या लांब शिकायला जाणारी मी पहिलीच, म्हणून बाबा गावभर सांगत फिरतात आणि घरी आले की गप्प बसतात.

आता एक नीट लक्षात ठेवा. आतापर्यंत तुम्ही आठवड्यातून एकदा झाकण उघडून बघत होता, ते बरोबर होतं. पण पिल्लांना पंख फुटायला लागले की झाकण उघडायचं नाही. उजेड आणि माणूस बघून ती बिचकतात, उडता येत नसतानाच बाहेर उड्या मारतात आणि मांजराच्या तोंडी जातात. <u>काहीही झालं तरी झाकण उघडू नका.</u> खाली रेघ मारली आहे, बघा. ती आपली आपण बाहेर येतील.

हसीनाचाची म्हणते तुम्ही यंदा जयंतीला घराबाहेर पडणार नाही. असं करू नका. मामी दर वर्षी दाराला निळा रंग द्यायची. यंदा तुम्ही द्या.

प्रकृतीला जपा. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची भाची,
तेजश्री

•

दौंड
१४ एप्रिल २०२५

चि. तेजूस,
मामाचा जयभीम आन् जयंतीच्या शुभेच्छा.

आत्ताच मिरवणुकीहून आलो. पांढरा सदरा घातला होता. पोरांनी मला पुढं घेतलं. डीजे छातीत वाजतो, तेवढा मला बी ऐकू येतो. सगळे म्हणत होते, चांगदेवकाका आले, चांगदेवकाका आले. तुझ्या पत्रानं गेलो.

काल दाराला रंग दिला. आपल्या विहाराच्या जाळीला आणलेला ऑईलपेंट उरला होता, पोरांनी डबा दिला. दार झालं तरी रंग उरला. मग म्हणलं, कडुनिंबावरचं बी घरच हाय की. त्या पाखरांना का इसरायचं. शिडी लावली आन् खोक्याला चारी बाजूंनी रंग दिला, वरून, खालून, भोकाची कड सुदिक. झाकण उघडलं न्हाई, तू रेघ मारलीस ना. फटीतून बी डोकावलो न्हाई. दोन हात दिले, कसं चकचकीत झालंय. गल्लीत सगळ्यांनी बघितलं.

एक गंमत सांगतो. आज सकाळपास्नं नर तारंवर बसून हाय. चोचीत अळी. खोक्याकडं बघतो, जागेवरच हलतो, पण आत जात न्हाई. मादी बी येती, फांदीवर बसती, परत जाती. मला वाटतं, एवढं सजवलेलं घर बघून पाव्हण्यावानी लाजत्यात. मिरवणूक गेली तवा बी तो तिथंच होता, अळी तशीच. मी त्याला हात जोडून जयभीम केला.

ऊन लई हाय. तू पिल्लं उडायच्या आत ये.

सगळ्यांना माझी आठवण सांग, आन् तू बी काढत जा.

तुझा मामा,
चांगदेव

•

मांडवगण फराटा
१९ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम.

तुमचं जयंतीचं पत्र आज मिळालं. अळीपर्यंत वाचलं आणि हसीनाचाचीला फोन लावला, शिडी लावून झाकण उघडायला सांगितलं. तुम्ही खाली उभे होता असं ती म्हणाली. तेव्हा आत काय होतं, ते मी लिहीत नाही.

ओल्या रंगाच्या वासानं आई-बाप आत गेले नाहीत. गडद रंगानं उन्हात खोकंही तापलं असणार. खोकं रंगवू नये, हे मला पुस्तकात दिसलं होतं. मी ते तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही रंगवाल असं मला सुचलंच नाही. आणि झाकण उघडू नका ही रेघ माझी होती. मामा, हे माझं आहे. तुमचं नाही.

उत्तर द्या. कसंही द्या.

तेजश्री

•

दौंड
२२ एप्रिल २०२५

चि. तेजूस,
आशीर्वाद.

हसीनाला मी इचारलं, पिल्लं वरडत होती का. परत इचारलं तवा मान हालवली. व्हय म्हणाली.

मी खाली खाट टाकून बसलो होतो, तेजू. माझ्या डोक्यावर ती वरडत होती आन् मी नराला नमस्कार करत होतो.

घरटं काढलं न्हाई. त्यात तिचे केस हायेत.

दुसऱ्यांदा झालं हे. ज्याला हाक ऐकू येत न्हाई त्यानं घर करून राहू नये. सोजरला सांग टेम्पो पाठव. भांडीकुंडी बांधून ठेवतो. तुझ्यावर राग न्हाई.

चांगदेव

•

दौंड
२७ एप्रिल २०२५

ती. आईस,
तेजश्रीचा जयभीम.

टेम्पोवाला झिशान हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा टेम्पोत मामा नसतील. घाबरू नकोस, त्यांची तब्येत बरी आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी तुझं ऐकलं असतं, म्हणून लिहिते. सावकाश वाच.

मी आले तेव्हा सगळं बांधून झालं होतं. मामीचं जातंसुद्धा पोत्यात. मामांनी स्वतःच्या हातानं दाराला कुलूप लावलं आणि टेम्पोत पुढं जाऊन बसले. गल्लीतली माणसं भेटायला आली, तर यांनी डोळे मिटून घेतले. आई, मामांना कान नाहीत, ते डोळ्यांनीच ऐकतात. डोळे मिटले की त्यांच्याशी कुणालाच बोलता येत नाही. मी कागदावर लिहून पुढं धरलं, तेही बघेनात. तुझ्याकडं आल्यावरही ते असेच बसले असते. तू दोन वेळा ताट पुढं ठेवलं असतंस आणि आपण म्हणालो असतो, चला, माणूस सुखरूप आहे.

मग हसीनाचाची आली. टेम्पोच्या काचेवर थापा मारत राहिली, कंपानं मामांनी डोळे उघडेपर्यंत. तिनं एकेक शब्द ओठांनी सावकाश सांगितला, मागं उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला. म्हणाली की भाऊ, पिल्लं मी ऐकली. दिवसभर ऐकली. मला वाटलं भूक लागली असेल, आई येईल. आणि भाभीची हाकही मी ऐकली होती. ती रोजच तुम्हाला तशी मोठ्यानं हाक मारायची, म्हणून मी भाकरी थापत राहिले. माझे कान चांगले आहेत भाऊ, काय उपयोग झाला?

मामा तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं चिडतील. ते टेम्पोतून उतरले, तिच्यासमोर उभे राहिले, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले की तू एवढे दिवस जेवलीस कशी गं. ती तिथंच खाली बसली. तेही बसले. मीही.

ते बरं झालं असं मी म्हणत नाही. मामी परत येणार नाही, पिल्लं मेली ती मेलीच. पण या गल्लीत असं एक माणूस आहे की ज्याच्याजवळ तेच ओझं आहे. मांडवगणात आपण सगळे त्यांना तुमचा दोष नाही, तुमचा दोष नाही असं म्हणत राहू, आणि ते एकटे पडतील. मीही पत्रातून तेच करत होते. दोष उचलून माझ्याकडं घेतला की त्यांचं हलकं होईल, असं मला वाटायचं. तसं होत नाही, हे मला इथं बसल्यावर कळलं.

मामांना हे पटलेलं नाही. त्यांना अजून निघायचंच आहे. गेल्यानं शिक्षा भोगल्यासारखं वाटेल म्हणून निघायचंय, असं मला दिसतं. तुला पटेल की नाही, माहीत नाही. मी चुकत असेन. मागं एकदा चुकले आहे.

वसतिगृहाचा अर्ज मी मागं घेतला आहे. कॉलेज सोडत नाही, बाबांना तेवढं लगेच सांग. जूनपासून इथूनच सकाळच्या गाडीनं पुण्याला जाईन आणि संध्याकाळी परत येईन. इथली कितीतरी मुलं जातात. मामांच्या खिशातली किल्ली मी न विचारता काढली. झिशाननं आणि मी मिळून सगळं सामान पुन्हा आत नेऊन लावलं आहे. मामा ओट्यावर माझ्याकडं पाठ फिरवून बसलेत.

माझे कपडे झिशानबरोबर पुढच्या खेपेला पाठव. राग आला तर येऊ दे, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
तेजश्री