कालिनाची पाऊलभाकर

गाब्रोवो, ३ सप्टेंबर २००१

ती. स्नेझाताई हिस,
धाकट्या झोर्नित्साचे सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती रडते आणि तुला एक अक्षर कळत नाही, म्हणून लिहून पाठव म्हणालीस. लिहिते आहे. आता अक्षराला नावं ठेवू नकोस.

सोफियाहून परतल्यापासून तुझ्या सहकारी डॉक्टर वेलेवांनी सांगितलेलं सगळं पाळते आहे. कालिनाचं दिवसाचं नाकातल्या नळीचं दूध बंद, रात्रीचं निम्मं. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांबरोबर तिचीही ताटली. तिला खा म्हणायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. खाल्लं तर टाळ्या नाहीत, नाही खाल्लं तर चेहरा पाडायचा नाही, आणि शेवटी ताटली मुकाट उचलून उरलेलं टाकून द्यायचं. ताई, हे शेवटचं तुम्ही संशोधकांनी गाब्रोवोत कधी करून पाहिलं आहे का? दार चटकन मिटावं आणि घरातली ऊब वाया जाऊ नये म्हणून आपण मांजराची शेपटी कापतो असं सारा देश चिडवतो आपल्याला, आणि मी आईच्या डोळ्यांदेखत रोज दही आणि चीज भरलेली बानित्सा कचऱ्यात टाकायची! आईनं त्यावर तोड काढली आहे. कालिनाचं उरलेलं ती उभ्याउभ्या स्वतःच गिळते आणि म्हणते, घे, टाकलं.

कालिना मात्र ताटलीकडे ढुंकूनही बघत नाही. जन्मतः तुटलेली अन्ननलिका जोडली त्याला आता दोन वर्षं होतील. गिळायला काही अडचण नाही असं तुम्ही सगळे छातीठोक सांगता. पण चमचा दिसला की पोरगी अजूनही दोन्ही हातांनी तोंड झाकते. वजनाचा दहावा हिस्सा घटला की हा प्रयोग थांबवून पोटाला भोक पाडायचं आणि तिथून कायमची नळी बसवायची, असं ठरलं आहे. ऑक्टोबरची तारीखही दिली आहे. प्लामेन म्हणतो, पाडा एकदाचं भोक, निदान रात्री डोळा तरी लागेल. नवरा वाईट नाही गं, थकला आहे.

एक चांगली बातमी. शुक्रवारी कालिना भिंत सोडून चालली! पलंगापासून खिडकीपर्यंत. पहिलं पाऊल पडलं की मुलापुढे भाकर घरंगळवायची, तो पाऊलभाकरीचा दिवस आईनं लगेच ठरवूनही टाकला. सोळा तारीख, रविवार. सगळ्या जिन्याला, वरपासून खालपर्यंतच्या शेजाऱ्यांना, आमंत्रण गेलं आहे. तू येशील का?

तुझ्या लोभावरच उभी आहे, तो असाच ठेव.
तुझी
झोरी

---

सोफिया, ६ सप्टेंबर

चि. झोरी हिस,
अनेक आशीर्वाद.

कालिना चालली हे वाचून मी विभागातच ओरडले. डॉक्टर वेलेवांना वाटलं, कोणी पडलं. मग बाकीचं पत्र वाचलं आणि बसले.

झोरी, तो समारंभ पुढे ढकल. मी हात जोडते. आमच्याकडे आलेल्या, नळीवर वाढलेल्या मुलांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांच्या तोंडात आजवर जे जे गेलं ते दुखवणारं होतं: नळ्या, कापूस, औषधं, अनोळखी बोटं. आता तोंड हेच एक दार त्यांच्या ताब्यात उरलं आहे आणि ते त्यांनी बंद केलं आहे. आपण बाहेर उभे राहून जितकं ठोठावू तितकी ती कडी घट्ट होते. अशा मुलीसमोर तू अख्खा जिना उभा करणार, मध्ये मध लावलेली भाकर, आणि प्रत्येक म्हातारी म्हणणार, खा गं सोन्या, एकच घास! दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाईल.

आणि खोटा धीर मी तुला देणार नाही. सगळ्याच मुलांना हे साधत नाही. काहींना नळी परत घालावी लागली, आणि त्यांच्या आयांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. कालिना भाची म्हणून तिचे कागद मला बघायला मनाई आहे. वेलेवा समोर बसून फोनवर तिचं वजन लिहून घेतात आणि मी खिडकीबाहेर बघते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आयांना शांत राहा सांगत आले. आता कळतं ते किती सोपं होतं.

आईला सांग, भाकर पळून जात नाही.

माझ्या उपदेशाचा कंटाळा आला तरी माझा येऊ देऊ नकोस.
तुझी
स्नेझाना

---

गाब्रोवो, ११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोफियात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. आज सकाळी इथल्या डॉक्टरांनी कालिनाला काट्यावर ठेवलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मर्यादेला आता जेमतेम एका वाटीइतकं वजन उरलं आहे. पाणी पिते, एवढंच. चिडचिडी झाली आहे, गालांची हाडं दिसायला लागली आहेत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, की तुम्ही मुलीला मुद्दाम उपाशी ठेवता ते खरं का? काय उत्तर देऊ? खरंच आहे ते! मी माझ्या मुलीला उपाशी ठेवते आहे आणि तिच्यासमोर बसून सूप पिते आहे. घास घशाखाली उतरत नाही, पण नियम आहे ना, आईबापांनी चवीनं खायचं!

त्यात काल आईला पकडलं. कालिना झोपलेली असताना ती तिच्या ओठांना बोटानं मध लावत होती. म्हणे, झोपेत तरी जिभेला कळू दे गोड काय असतं. कालिना दचकून उठली, ओकली, आणि त्यानंतर तिनं पाणीही घेतलं नाही संध्याकाळपर्यंत. मी आईला नको ते बोलले. ती खोलीत जाऊन बसली आणि मी बाहेर. दोघी आपापल्या ठिकाणी रडलो. कालिना मधल्या दारात उभी राहून दोघींकडे बघत होती.

रात्रीचं दूधही बंद झाल्यापासून नळी कपाटात आहे. रोज तीनदा कपाट उघडते.

समारंभ होणार. आईला आणखी एक नाही म्हणायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

रागावले असले तरी तुझीच आहे.
झोरी

---

गाब्रोवो, १२ सप्टेंबर

चि. स्नेझाना हिस,
आईचे आशीर्वाद.

झोरीनं माझी चहाडी केलीच असेल. केली मी चूक, मध लावला. पण तू एवढी शिकलीस, तर मला सांग, आजीनं हात कुठे ठेवायचे? तुमच्या नियमांत तेवढं कुठे लिहिलेलं नाही. तुम्हा दोघींना मी चमच्यामागे चमचा भरवून वाढवलं. तू तर सूप तोंडात धरून बसायचीस आणि मी नाक दाबायची. आज माझ्यावर पुस्तकं लिही हवं तर.

भाकर मी करणार. मूल चालायला लागलं आणि भाकर घरंगळली नाही तर मूल आयुष्यभर अडखळतं, हे माझ्या आईनं मला सांगितलं आहे आणि मी ते तपासून बघणार नाही. मात्र तुझ्यासाठी एक करते. सगळ्यांना दारातच दम देईन, की पोरीला खा म्हणेल त्याला माझ्या घरात कॉफी नाही. झालं समाधान?

जेवत जा वेळेवर. तुला तरी जेव म्हटलेलं चालतं ना?

आई

---

गाब्रोवो, १७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे सगळं क्रमानं सांगते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

काल सगळे जमले. आईनं दारात दम दिला, तोही एवढ्या मोठ्यानं की दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. पांढरं कापड अंथरलं, पलीकडे बुटक्या टेबलावर कात्री, पेन, पुस्तक, मूल जे उचलेल तो त्याचा पुढचा धंदा, आणि आईचा लाडका डाव मुद्दाम सगळ्यात पुढे. आईनं भाकर घरंगळत सोडली, कालिना तिच्यामागे डुलत डुलत गेली आणि तिनं शेजारच्या केशकर्तनवाल्या इवांकानं ठेवलेला कंगवा उचलला. इवांका एवढी फुगली की विचारू नकोस. आईनं डाव मुकाट स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

मग भाकर मोडली, मध लावून वाटली. तू विसरली असशील ताई, मीही विसरले होते. पाऊलभाकर बसून खात नाहीत. ज्यानं त्यानं आपला तुकडा पळत पळत संपवायचा, म्हणजे मूल चपळ होतं. झालं! सगळा जिना आमच्या दोन खोल्यांत पळायला लागला. खालच्या बाई गुडघे धरून, प्लामेन बूट घालून, पोरं पलंगावरून. हसतात, ठसकतात, एकमेकांवर आपटतात, मधाचे हात भिंतींना. दोन वर्षांत पहिल्यांदा या घरात माणसं खात होती आणि कालिनाकडे एकाचंही लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. मी पळत होते गं. किती दिवसांनी हसत होते.

वळले तेव्हा ती टेबलाखाली होती. कोणाच्या तरी हातून पडलेला तुकडा तिनं उचलला होता. उलटसुलट करून बघितला. चाटला. मग पुढच्या दातांनी उंदरासारखा कुरतडला, आणि तिचा गळा हलला.

माझ्याशिवाय आणखी एकीनं ते पाहिलं होतं. आई कपाटापाशी उभी होती. तिचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले होते. ते तिनं तसेच हवेत धरले, मग खाली घेतले, आणि पोरीकडे पाठ करून पुन्हा पळायला लागली. सत्तरीची बाई, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पळते आहे. मी बाल्कनीत जाऊन वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसलं.

तुकडा शेंगदाण्याएवढा होता. मला माहीत आहे, ते जेवण नव्हे. तरी सांग ना, काही आहे का ते?

उत्तराची वाट बघणारी
झोरी

---

सोफिया, १९ सप्टेंबर

चि. झोरी हिस,
अनेक आशीर्वाद.

आहे. खूप आहे. आणि अजून पुरेसं नाही. दोन्ही खरं आहे, आणि मी तुझी बहीण म्हणून पहिलं आणि डॉक्टर म्हणून दुसरं लिहिते आहे. समारंभ नको म्हणाले ते चुकलं. का चुकलं ते वेलेवा आणि मी कालपासून घोळवतो आहोत. बहुधा एवढंच, की पहिल्यांदा कोणी दार ठोठावलं नाही. पण एका मुलीवरून नियम ठरवता येत नाही. उद्या कोणी आमच्या विभागात पाहुणे पळवायला लागेल.

वजन खाली जातच आहे, हे मला न सांगताही वेलेवांच्या चेहऱ्यावरून कळतं. ऑपरेशनची तारीख त्यांनी रद्द केलेली नाही. काट्यानं हद्द ओलांडली तर नळी परत घालायची, झोरी, आणि त्यात तुझी हार नाही. मला वचन दे. एवढं लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

जमलं तर झोप. मला जमत नाही.
स्नेझाना

---

गाब्रोवो, २५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाकरीनंतरच्या दिवसांबद्दल लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. कालिना फक्त जमिनीवर पडलेलं खाते. कुत्र्याच्या पिल्लासारखं. म्हणून आम्ही सगळे जेवताना सांडायला लागलो. आई, तीच आपली आई, चीजचे तुकडे ठरवून टेबलाखाली टाकते आणि दुसरीकडे बघत अरेरे म्हणते. तरी काटा खाली. सोमवारी डॉक्टर म्हणाले, बुधवारी शेवटचं बघू.

आज दुपारी कालिना अचानक किंचाळायला लागली. पोटावर मुठी मारत होती, जमिनीवर लोळत होती, उचलून घेतलं तर चावत होती. टाका उसवला असेल, आतड्याला पीळ पडला असेल, काय काय मनात आलं. प्लामेनला कामावर फोन केला, तो म्हणाला, बास झालं, नळी घाल, मी येतो. कपाट उघडलं. नळी हातात घेतली.

कालिनानं ती पाहिली आणि गप्प झाली. उठली, माझ्या स्कर्टला धरून मला ओढायला लागली. स्वयंपाकघरात नेलं, आणि फ्रिजच्या दारावर दोन्ही हात आपटून रडायला लागली.

ताई, तिला भूक लागली होती. दुसरं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा लागली होती आणि हे काय दुखतंय ते तिला कळत नव्हतं. मलाही कळलं नाही! दोन वर्षं मी तिला घड्याळ बघून भरत आले, तिला भूक लागू दिलीच नाही, मग मला तरी ती कशी ओळखू येणार?

दही काढलं. वाडगं जमिनीवर ठेवलं आणि भांडी घासायला वळले. पाठीमागे चमचा वाजत होता. वीस वेळा मान वळवावीशी वाटली, वळवली नाही. मग आवाज थांबला. बघितलं तर अर्ध्याच्या वर दही संपलं होतं, हनुवटीवर, केसांत, सगळीकडे दही. आणखी चार चमचे गेले असते तर उद्याच्या काट्यावर दिसले असते. माझा हात चमच्याकडे गेलासुद्धा. कालिनानं वाडगं माझ्याकडे सरकवलं आणि मान फिरवली.

मी वाडगं उचललं आणि उरलेलं टाकून दिलं.

उद्या काटा काय म्हणतो ते कळवतेच. तू ये. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगू?

तुझी
झोरी