जिवंत असल्याचा कागद

गिम्ली, मॅनिटोबा
८ ऑक्टोबर १९८५

ती. ओद्दुरदादास,
थोराचा कृ. सा. न. वि. वि.

तू बसून वाचतोयस ना? नसलास तर बस. मी जानेवारीत न्यूझीलंडला चालले आहे. तीन आठवडे. सोबत शेजारची लोआ आहे. विनिपेगच्या प्रोकोप तिकीटवाल्यानं नऊ जानेवारीचं आरक्षण करूनसुद्धा दिलं. मासळीच्या शेडमधल्या बायका हसतात. म्हणतात, तुझा नवरा गुन्नार होता तोवर तू थंडर बे सोडून पुढे गेली नाहीस, आता एकटी राहिल्यावर काय पंख फुटले?

हसू देत. एकतीस वर्षं मी त्या शेडमध्ये बर्फाच्या पाण्यात हात घालून मासे कापले. माझ्या दोन बोटांना आता गरम-थंड कळत नाही. साठ वर्षांत मी एकही जानेवारी बर्फाशिवाय पाहिलेला नाही. तिकडे तेव्हा भर उन्हाळा असतो म्हणे. मला वाळूत अनवाणी उभं राहायचंय, बस.

पण पासपोर्टवाल्यांना जन्माचा दाखला हवा. आपल्या चर्चची वही आगीत गेली, म्हणून नोंदणी कचेरीला लिहिलं. त्यांनी दाखला पाठवला तो असा: थोरा ब्यार्नसन, वडील योन, आई गुदरून, जन्म १४ मार्च १९२३. आता आई दर वर्षी माझा केक तीन सप्टेंबरला करायची, आणि मी पंचवीस सालची. कुणी दोन वर्षं फुकट वाढवून दिली तर ती मला नकोत. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडिलांनी माझी नोंद केव्हा आणि कुठे केली ते आठवून लगेच कळव.

तुझ्या मांजराला विचारलं म्हणून सांग. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
थोरा


थंडर बे, ऑन्टॅरियो
१७ ऑक्टोबर १९८५

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. इथे थंडी पडली. भट्टी पेटत नव्हती, माणूस बोलावला, त्यानं एक लाथ मारली आणि पेटली. मांजर बरं आहे.

कचेरीतली माणसं कागदांची सरमिसळ करतातच. मी रेल्वेत चाळीस वर्षं होतो, मला ठाऊक आहे. त्यावर फार डोकं घालू नकोस. पण मला एक सांग, इतक्या लांब जायचं अडलंय काय? तुझे गुडघे दुखतात. विमानात बारा-बारा तास बसून पाय सुजतात. त्यापेक्षा बॅन्फला जा. तिथे भोवती बर्फ आणि मध्ये गरम पाण्याचं कुंड आहे, प्रवासाचा आणि उबेचा असे तुझे दोन्ही हट्ट पुरे होतील, आणि पासपोर्ट लागत नाही.

आमच्यावरची माया अशीच असू दे.

तुझा,
ओद्दुर


गिम्ली
२९ ऑक्टोबर १९८५

ती. दादास,
सा. न.

मी तुला बॅन्फचं काही विचारलं नव्हतं.

जे विचारलं त्याचं उत्तर नाही, आणि इकडे भलतंच होऊन बसलंय. मी कचेरीला फोन केला. तिथल्या मुलीनं वही पाहिली आणि फार हळू आवाजात म्हणाली की बाई, ही थोरा ब्यार्नसन अकरा फेब्रुवारी १९२५ ला वारली आहे. मी म्हटलं, मग तुझ्याशी कोण बोलतंय? ती म्हणाली, तेच मलाही कळत नाहीये. पंचवीसच्या सप्टेंबरात आपल्या आईवडिलांच्या नावावर कुठलाच जन्म नाही. थोडक्यात, मी जन्मलेच नाही, आणि जन्मण्याआधी सात महिने मेले आहे.

ती पोरगी मात्र गुणी. तिनं उपाय सांगितला. जन्माची उशिरा नोंद करता येते, पण माझा जन्म ज्याला प्रत्यक्ष ठाऊक आहे अशा वडीलधाऱ्यानं शपथपत्र द्यावं लागतं. असा माणूस जगात एकच उरलाय. फॉर्म सोबत जोडला आहे. वकिलासमोर सही करायची आणि पाठवून द्यायचं, अर्ध्या तासाचं काम.

आणि ही दुसरी थोरा कोण, ते लिही. वडिलांच्या नात्यातली कुणी का?

शेवटचं म्हणजे लोआ परवा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी घसरली आणि घोटा मोडून घेतला. प्लास्टर मांडीपर्यंत. डॉक्टर म्हणतात मार्चपर्यंत हलायचं नाही. मी तिला सूप नेऊन द्यायला रोज जाते आणि रोज ती मलाच विचारते की आता तुझं कसं होणार.

लोभ उत्तरातून दिसावा.

थोरा


थंडर बे
१२ नोव्हेंबर १९८५

चि. धाकटीस आशीर्वाद.

फॉर्म कुठेतरी ठेवला आहे, सापडत नाही. वकील गावाला गेला आहे. मलाही सर्दी आहे. लोआचं ऐकून वाईट वाटलं. एकटीनं जाण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी दोघी मिळून जा.

ओद्दुर


गिम्ली
२० नोव्हेंबर १९८५

दादा,

नमस्कार बाकी ठेवते, आधी भांडण.

अख्ख्या थंडर बेमध्ये वकील एकच आहे का? तुझ्या घरात खोल्या किती, तीन? त्यात कागद हरवतो? तू रेल्वेत असताना एका मालडब्याचा आकडा चुकला म्हणून आठवडाभर जेवला नव्हतास, आणि आता बहिणीचा फॉर्म मिळत नाही म्हणतोस. हा घे दुसरा, सोबत जोडला आहे. हाही हरवलास तर तिसरा घेऊन मी स्वतः येईन आणि तुझ्या दारात बसेन.

प्रोकोप दर दोन दिवसांनी फोन करून म्हणतो की पासपोर्ट नसेल तर जागा सोडा, लोक थांबलेत. मी त्याला दर वेळी खोटं सांगते की आलाच. शेडमधल्या बायकांनी हसायचं सोडलंय आणि आता कीव करतात, ते जास्त लागतं.

तुला माझं जाणं पसंत नसेल तर तसं सरळ लिही. पण मला असं वाटायला लागलंय की गोष्ट जाण्याची नाहीच. आधी माझ्या नोंदीचं विचारलं, मग ती थोरा कोण म्हणून, आणि तू दोन्ही प्रश्नांना वळसा घातलास. दादा, काय आहे ते सांग. मी साठ वर्षांची आहे, माझी मी सावरेन.

थोरा


थंडर बे
१ डिसेंबर १९८५

चि. थोरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

शपथपत्र सोबत आहे. शुक्रवारी सही केली. फॉर्म पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या खणात होता.

ती आपली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि तुझ्याहून अडीच वर्षांनी मोठी. आपण तेव्हा गिम्लीला नव्हतो, सरोवरातल्या वरच्या बेटावर होतो. खाडीपलीकडच्या घरात डांग्या खोकला होता आणि आईनं बजावलं होतं की तिकडे फिरकायचं नाही. पण त्यांची कुत्री व्याली होती. मी मागच्या दारानं शिरलो आणि त्यांच्या आजारी पोराबरोबर दुपारभर पिल्लं खेळवत बसलो. घरी येऊन सांगितलं की जळण गोळा करत होतो. पुढे मला खोकला झाला, मग तिला. मी उठलो, ती उठली नाही. तिला दोन वर्षं पुरी व्हायला महिना कमी होता. मला ती दाद्दी म्हणायची.

जमीन दगडासारखी गोठलेली. वडिलांनी दोन दिवस एकाच जागी लाकडं जाळली तेव्हा कुठे कुदळ लागली. ती लाकडं मी वाहिली. आईनं मला कधीच काही विचारलं नाही. तिला माहीत होतं का, हे मला आजवर कळलेलं नाही.

सप्टेंबरात तुझ्या वेळी सुईणीला आणायला होडी मीच वल्हवत गेलो. परत आलो तो तू झाली होतीस. आईनं तेच नाव ठेवलं. म्हणाली, नाव चांगलं आहे, वाया का घालवायचं. मी जाळ्यांच्या खोपटात जाऊन बसलो तो जेवायलाही आलो नाही. म्हणून तुला मी धाकटी म्हणत आलो. तुझी नोंद का नाही, तर तालुक्याच्या त्याच कारकुनापुढे तेच नाव पुन्हा लिहून द्यायला वडिलांचे पाय उचलले नाहीत. पुढच्या वर्षी आपण गिम्लीला आलो आणि त्या घरात तो विषय संपला.

वकीलबाई तरुण आहेत. त्यांनी कायद्याप्रमाणे विचारलं की तुम्हाला हे कशावरून माहीत. मी सगळं सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि आधी माझ्यासाठी कॉफी मागवली.

तुला माझा राग आला तर तो योग्यच आहे. तरी जमेल तेवढी माया ठेव.

ओद्दुर


गिम्ली
९ डिसेंबर १९८५

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदाही रडले. तिसऱ्यांदा राग आला, तो लिहिते.

तू आठ वर्षांचा होतास. आठ वर्षांचं पोर पिल्लं बघायला जाणारच. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही आणि तूही यापुढे म्हणू नकोस. पण आई गेली तेव्हा तू पन्नाशीचा होतास. गुन्नार गेला तेव्हा साठीचा. आपण दोघं त्या रात्रभर चुलीपाशी बसलो होतो, तेव्हा सांगता आलं असतं. आई माझा केक कापताना दर वर्षी एक तुकडा बशीत काढून बाजूला ठेवायची, आणि मी तो दुसऱ्या दिवशी हट्टानं खायचे. तो कुणासाठी होता हे मला साठाव्या वर्षी पासपोर्टच्या फॉर्मवरून कळावं? याचा राग मात्र मी धरणार आहे, किती दिवस ते ठरवलेलं नाही.

बाकी बातमी अशी की तुझा कागद कचेरीनं घेतला, पण आता त्यांना शाळेचा दाखलाही हवा. शाळा पाडली, कागद कुणाच्या तरी गोदामात आहेत. शोधते आहे. लोआ म्हणते एकटीच जा. प्रोकोप म्हणतो एकटीचं जमेल. तू काय म्हणतोस ते विचारत नाही.

लोभ आहे. मध्ये जरा कुरकुरतो आहे इतकंच.

थोरा


थंडर बे
२७ डिसेंबर १९८५

चि. थोरास आशीर्वाद, वि. वि.

न विचारता सांगतो, जा. बॅन्फचं मी मनापासून म्हटलं नव्हतं. तू गेलीच नाहीस तर फॉर्म लागणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. त्याची लाज वाटते.

वेगळ्या पार्सलनं गवताची हॅट पाठवली आहे. इथे डिसेंबरात ती विकत नाहीत. दुकानदारानं माळ्यावरून काढली आणि मला विचारलं की साहेब, तुमची तब्येत बरी आहे ना.

माया असू दे, कुरकुरती का होईना.

ओद्दुर


व्हँकुव्हर विमानतळ
११ जानेवारी १९८६

ती. ओद्दुरदादास,
कृ. सा. न. वि. वि.

अजून कॅनडातच आहे, पण टोकाला आले आहे.

शाळेचा कागद शेवटी गोदामात सापडला, आणि पासपोर्ट सात तारखेला दुपारी आला. नऊला सकाळी असं वादळ की हमरस्ता बंद, बस रद्द. मी दारात बॅग घेऊन उभी आणि लोआ प्लास्टर खिडकीत ठेवून माझ्यावर ओरडते आहे की मुंडीला गाठ. मुंडी आमच्या गल्लीतला, तो रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा ट्रक घेऊन विनिपेगपर्यंत जाणारच होता. मग मी त्याच्या शेजारी, बॅग मांडीवर, हॅट डोक्यावर, साडेचार तास. मुंडीनं तेवढ्यात आपल्या घटस्फोटाची सगळी हकिगत सांगितली. पोचले तोवर विमान गेलं होतं. प्रोकोपला फोन केला तर तो म्हणाला, बाई, तुम्ही मला म्हातारं केलंत, पण काल इथवरची आणि आज इथून पुढची अशी एकेक जागा त्यानं मिळवून दिलीच. माझी बॅग मात्र कॅलगरीला उतरली आहे. न्यूझीलंडला मी दोन लोकरी सदरे आणि गवताची हॅट एवढ्यावर जाणार.

मे महिन्यात सरोवर मोकळं झालं की आपण दोघं बेटावर जायचं. जागा तुला ठाऊक आहे. मी मुंडीच्या भावाची होडी सांगून ठेवली आहे. नाही म्हणायचं नाहीस, तुझी नाही म्हणायची मुदत संपली.

विनिपेगहून येताना शेजारी एक बडबडी बाई होती. नातवंडांचे फोटो दाखवून झाले, मग मला विचारलं की तुम्ही भावंडं किती. साठ वर्षं मी एकच उत्तर देत आले. काल पहिल्यांदा म्हटलं, एक भाऊ, आणि एक मोठी बहीण. तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, अहो, ते तर तुमचं. मी म्हटलं, आधी तिचं होतं.

बोलावताहेत. लोभ पुरता आहे, तिकडूनही असू दे.

तुझी बहीण,
थोरा