साडेबावीस वाजताची भरती

प्रिय बाबा,

हे पत्र कागदावर नाहीये. तुमच्याच प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये, अगदी तळाशी टाइप करतेय. प्रत्येक ओळीआधी हॅशचं चिन्ह. ते असलं की मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातं. म्हणजे हे फक्त तुमच्या-माझ्यात.

आत्ताच का लिहितेय? कारण आज सकाळी या फाईलमध्ये मला मी सापडले.

तुम्ही जाऊन सोळा दिवस झाले. सकाळी चपला घालून बुरोंडीच्या किनाऱ्यावर गेलात आणि चौघांनी उचलून घरी आणलं. मला वाटलं, यापेक्षा मोठा धक्का आता आयुष्यात बसणार नाही. बसला, बाबा!

पुण्यानुमोदनाला माणसं मावत नव्हती. वंदना झाली, लोक उठायला लागले, तरी मागे एकजण बसूनच. बुरोंडीचे यशवंत तांडेल. अख्खं आयुष्य होडीवर गेलेला माणूस, आपल्या ओट्यावर टोपी हातात धरून.

"बाय, वाईट नको वाटून घेव. पन भरतीची येळ यायची बंद झालीय."

"कसली वेळ, काका?"

"रोज सकाळी नाना पाठवायचे ती. आमच्या ग्रुपवर. मी बोटावर मोजतो, माजा काय नाय अडत. पन मुंबयसून परत आलेले हायत ना, त्यांना तिथी कुटली ठावूक? परवा दोघांनी होडी सुकतीला, पानी उतरल्यावर आनली नि रेतीत बसवली." मग म्हणाले, "तू कंप्युटरचा शिकलीस ना? नाना बोलायचे, माझ्यापेक्षा बाय हुशार."

बाबा, ग्रुप? रोज? तुम्ही? मला वाटत होतं तुम्ही ते कंप्युटरचं खूळ कधीच सोडून दिलंत!

हायस्कूलमध्ये शिपाई होतात. कंप्युटरच्या खोलीची किल्ली तुमच्या कमरेला. मशीन पुसायची, झाकायची, कुलूप लावायचं. हात लावायची परवानगी फक्त फडक्याला. रिटायर झालात आणि जुना कंप्युटर घरी आणलात, तेव्हा आई म्हणाली होती, "आता घरात पण पुसत बसणार काय?" तुम्ही हसलात. मग फोनवर ते हिंदी व्हिडिओ. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, वहीत उतरवायचं. मी वैतागायचे. "बाबा, कानात घाला ना ते!"

आणि एक दिवस घरात पंचांग आलं. यशवंतकाकांकडून मागून आणलेलं. आपल्या बौद्ध घरात पंचांग! मी ओरडलेच, "हे कशाला?" तुम्ही म्हणालात, "भविष्य नाय बघायचंय गो. चंद्र बघायचाय."

कोळ्यांचा हिशोब तुम्हाला सापडला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असली की तीन वाजता. एवढं साधं, मग मशीनला का नाही सांगता येणार? आठ दिवस खपलात. मला हाक मारलीत. स्क्रीनवर आलं होतं, "आज अमावास्या. भरती २२.५ वाजता."

मी फिस्सकन हसले. "बाबा, घड्याळात साडेबावीस कुठे असतात?" आणि फोन घेऊन बाहेर गेले.

आज सकाळी तीच ओळ उघडली. शेजारी हॅश टाकून तुम्ही लिहिलंय:

"इथे बाय हसली. बरोबर हसली असणार, शिकलेली आहे. पण का ते सांगायचं राहिलं तिचं. शोधणे."

खाली चार दिवसांनंतरची नोंद:

"सापडलं. पंचांगात आवसेला ३० छापतात. मी तीसच धरले. यशवंता म्हणाला, नाना, आवस म्हणजे पंधरावीच. तुमच्यात पंचांग नाय म्हणून फसलात. आता सव्वाअकरा येते. बायला दाखवणे."

दाखवलंत का नाही मग? की आला होतात, आणि मीच फोनमधून मान वर केली नाही?

एक कबूल करते, बाबा. का चुकलं ते मला माहीतच नव्हतं! आपल्या घरात वाढलेली मी, मला तरी कुठला तीस ठाऊक? मी नुसती हसले. तुम्ही समजलात, पोरीला कळलंय.

मला कॉलेजात काहीच कळलं नव्हतं. जर्नल उतरवून काढलं, प्रोग्रॅम पाठ केले, फर्स्ट क्लास घेतला. पुण्याला मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं होतं, "कुणी न सांगता, स्वतःहून काय बनवलंय?" मी पंख्याकडे बघत बसले. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, "ओळख लागते हो तिकडे." तुम्ही मान डोलावलीत. तेव्हा तुमच्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर होतं! शेजारच्या खोलीत, फडक्याखाली झाकलेलं!

नऊ दिवस तुमचा प्रोग्रॅम माझ्याकडून सुरूच होईना. डिग्री भिंतीवर, आणि मी तुमची वही मांडीवर घेऊन एकेक ओळ लावतेय. किनाऱ्यावरच्या काळ्या कातळावर तुम्ही पांढऱ्या रंगाने रेघ मारलीत, रोज पाणी तिथे कधी पोचतं ते लिहिलंत, हिशोबाशी ताडून मिनिटं पुढे-मागे केलीत. कुणी शिकवलं हे? कुणीच नाही ना? मग तुम्हाला भीती कशी नाही वाटली चुकायची? मला अजून वाटते.

आज पहिल्यांदा चालला. ग्रुपवर वेळ पाठवली. खाली आपलं नाव घालायची हिंमत झाली नाही. दोन मिनिटांत यशवंतकाकांचा व्हॉइस मेसेज आला, "येळ पावली गो बाय. उद्या आवस हाय. तीस धरू नको."

रडले. हसले पण.

उद्याची वेळ मी पाठवणार, बाबा. आणि नुसती पाठवून घरी बसणार नाही. वही घेऊन तुमच्या रेघेशी उभी राहणार. पाणी वेळेवर आलं तर लिहीन. नाही आलं तर तेही लिहीन, आणि खाली तुमच्यासारखं एकच: शोधणे. पुढच्या मुलाखतीला ही वही घेऊन जाईन. पहिल्या पानावर नाव तुमचं, आणि जिथे मी हसले ते पान उघडून दाखवीन. पुन्हा कुणाच्या चुकीला हसले, तर का ते सांगितल्याशिवाय उठणार नाही.

तुमची,
न कळता हसलेली
बाय