सोयराबाईंचं कुंकू

जयनगर, बेंगळूर
११ सप्टेंबर १९९४

तीर्थस्वरूप मल्हारअण्णास,
धाकट्या उल्काचा नमस्कार. वहिनींना आणि मुलांना माझी आठवण सांग.

काल गणपती बोळवले. अप्पांचे गुडघे स्वल्प बरे आहेत, जेवण मात्र कमी झालंय. का, ते पुढे येईलच.

तू पुण्यात वंशावळ छापायला घेतलीस आणि पणजोबांचा मृत्यू नेमका कुठे झाला ते शोधायचं काम मला दिलंस. आपल्याला ठाऊक होतं ते एवढंच, की विठोजीराव म्हैसूरच्या घोडदळात होते, १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळात कोलारकडे गेले आणि तिथे पटकीने वारले. मागे सोयराबाई आणि अंगावर पिणारे आपले आजोबा.

कोलारात काहीच सापडलं नाही. परतताना बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलता बोलता नाव निघालं, तर तो म्हणाला, "बेंगळुरातच, शिवाजीनगरला बाजारामागे विठोजी गल्ली आहे की." मला वाटलं, त्यांच्या स्मरणार्थ कुणी नाव दिलं असेल. मी अभिमानानेच गेले.

तिथे कण्णम्मा भेटल्या. तमिळ, नव्वदीच्या घरातल्या, डोळ्यांनी अधू. मी नाव काढताच म्हणाल्या, "माझे आजोबा ते. जटका हाकायचे. मला पुढे, घोड्याजवळ बसवायचे."

अण्णा, ते कोलारला वारलेच नाहीत. दुष्काळात अन्नछत्रापाशी भेटलेल्या एका तमिळ बाईबरोबर त्यांनी इथल्या कॅन्टोन्मेंटात, त्याच गल्लीत, संसार मांडला. सोयराबाई प्लेगात गेल्या, त्यानंतरही कितीतरी वर्षं ते जटका हाकत होते. बळेपेटेतल्या आपल्या घरापासून चालत जाण्यासारखं अंतर.

मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी जिवंत बापाला पिंड दिले." दुसऱ्या दिवशी ऑटोतून मला तिथे घेऊन गेले आणि कण्णम्मांपुढे उभे राहून कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, मी जयसिंग. तुमचा भाऊ." त्यांनी अप्पांचा चेहरा चाचपला. "सरी, बरोबर," म्हणाल्या, "नाक त्यांचंच."

तेव्हापासून अप्पांच्या मनात एकच घोळतंय. सोयराबाई नवऱ्याआधी गेल्या, म्हणजे सवाष्ण गेल्या. त्यांना फसवून विधवेसारखं जगवलं. तेव्हा या पितृपक्षात त्यांची अविधवा नवमी करायची आणि सवाष्ण म्हणून कण्णम्मांच्या सुनेला, सौम्याला, जेवायला बोलवायचं. सौम्या हो म्हणाली आहे.

इथवरचं तुला फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं अप्पांना ठाऊक नाही.

मी एकटीच पुन्हा गेले होते. तेव्हा कण्णम्मांनी त्यांच्या आजीने सांगितलेलं सांगितलं. दुष्काळ सरता सरता एक बाई दाराशी आली होती. कडेवर मूल, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने पाणी मागितलं. विठोजीराव अंगणात घोड्याला खरारा करत होते. त्यांनी मान वर केली आणि हात थांबला. ती पाणी प्यायली, आजीच्या वाढलेल्या पोटाकडे बघून म्हणाली, "जपून राहा," आणि गेली.

कोलारची बातमी आपल्या घरात कोणी आणली होती, आठवतं? सोयराबाईंनीच. चौकशीला म्हणून गेल्या आणि कुंकू पुसून आल्या, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

म्हणजे त्यांना कुणी फसवलं नव्हतं. रागाने पुसलं, की त्या दुसऱ्या बाईच्या पोटाकडे बघून? की लोकांनी टाकलेली म्हणू नये म्हणून? मला काहीच उमगत नाही. एकदा वाटतं, अप्पांना सांगावं. मग वाटतं, ऐंशीव्या वर्षी त्यांना आजीसाठी काहीतरी करायला मिळतंय, ते कशाला काढून घ्या? पण तिने स्वतःच्या हाताने पुसलेलं आपण परत लावायचं, हा मान की तिचं म्हणणं खोडणं?

कण्णम्मांना मी विचारलं, तुमच्या आजीला काय वाटलं होतं? त्या म्हणाल्या, "आजी ते सांगताना दर वेळी रडायची. का, ते नाही सांगितलं."

वंशावळीत सोयराबाईंच्या नावापुढे काय छापायचं ते तू ठरव. पण नवमीचं मला त्याआधी कळव. अप्पांनी चिकपेटेतून हिरवं लुगडं आणवलंय. घरात दुसरी बाई नाही, त्यामुळे सौम्याच्या कपाळी कुंकू मीच लावायचंय, आणि ते सोयराबाईंना पोचणार आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी, आणि ते आलं तरी कुंकू लावायला हात उचलला जाईल की नाही हे न कळणारी,
उल्का