एक भार कमी

माय, विसरवाडीच्या नाक्यावर आपली भज्यांची गाडी लागायची तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. परवा बसमधून उतरले आणि तू आठवलीस, कढईपुढे उभी, एक पाय उचलून दुसऱ्यावर टेकवलेला. थंडी पडली की तुझे गुडघे, पाठ, सगळंच धरायचं. एकदा तू पिठाच्या डब्याशी बसूनच राहिलीस आणि आत्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "आळशी शे ती. सोंग करी ऱ्हायनी." तू उठून कांदा चिरायला घेतलास. घरी मी विचारलं तेव्हा एवढंच बोललीस, "हाडमा कोनी कुदळ मारस असं वाटस." सिकलसेल हे नाव दवाखान्यात कळलं तेव्हा मी बारावीत होते आणि तुझे थोडेच दिवस उरले होते.

आता मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याच आजारावर काम करते. रक्तातल्या तांबड्या पेशीला स्निग्ध रेणूंचं दुपदरी आवरण असतं, त्याच्या आतल्या बाजूवर ऋण विद्युतभार असतो. निरोगी हिमोग्लोबिनवरही ऋणभार असतो; सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून ते तिथून जरा दूर राहतं. तुझ्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी तो भारच नव्हता. प्राणवायू कमी पडला की त्याच्या काड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकून बारीक नसांत अडकते आणि दुखतं, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण ते आवरणालाही जास्त चिकटतं, हे मी आम्हीच तयार केलेल्या आवरणांवर पाहते. पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परवा आत्याकडेच गेले होते. थकली आहे. तिच्या नातीलाही हाच आजार निघालाय. पदराचं टोक चाळवत ती म्हणाली, "तुन्ही मायलेबी असंच दुखे का?"

"हो," मी म्हणाले.

"आन् मी तिले आळशी म्हनू तवय."

नातीचं रोजचं औषध चुकवू नका, तिला पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, सगळं मी नीट समजावलं. चहा करून दिला. तिचे डोळे भरले होते. 'जाऊ द्या, झालं ते झालं,' एवढंच तिला हवं होतं, आणि तू असतीस तर आधी तेच म्हणाली असतीस. हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून लिहिते: मला ते म्हणता आलं नाही, माय.