वळणावरचा पाइन

तार्तू, ३ जून

काउपो,

मी बरी आहे. इकडे लायलॅक फुलून संपला, आता डासांचे दिवस. तूही बरा असशील. निदान बसथांब्यावरच्या पोस्टरवर तरी तसा दिसतोस. फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते आहे. आधी घडलेलं क्रमाने मांडते, म्हणजे त्यावर पुन्हा वाद नको.

१. जानेवारीत आईला दफनभूमीकडे नेताना आम्ही वळणावरच्या पाइनपाशी थांबलो. तू आला नाहीस. तिचा क्रूस कोरला गेला नाही.

२. एप्रिलमध्ये तुझं नवं गाणं आलं. त्यात तो क्रूस तू कोरला आहेस.

३. मेमध्ये गाण्याचा व्हिडिओ आला. त्यात क्रूस आहे. झाड आपलं नाही.

४. काल हिल्या मावशीने तो व्हिडिओ पाहिला.

आता बाकीचं.

टीव्हीवरच्या मुलाखतीत तू छान सांगितलंस. "आमच्या व्होरूकडे शवपेटी नेताना वाटेत झाडापाशी थांबतात. घरातला पुरुष खोडावर क्रूस कोरतो. मग गेलेल्याचा जीव त्या झाडाशी विसावतो, घराकडे परत फिरत नाही." निवेदिकेचे डोळे भरून आले. तेवढ्यावर तू थांबला असतास तर बरं होतं. पण तू तळवा कॅमेऱ्यापुढे धरलास आणि म्हणालास, "थंडीने छिन्नी हाताला चिकटत होती."

छिन्नी मावशीच्या पिशवीत होती, काउपो. त्या दिवशी ती पिशवीतून बाहेर आलीच नाही.

तुझा फोन आला तेव्हा आम्ही झाडापाशीच उभे होतो. "पिले, पोल्त्सामा ओलांडलंय, निम्म्या वाटेवर आहे. थांबा माझ्यासाठी." मी सगळ्यांना तसंच सांगितलं. व्होडकाची बाटली एकदा फिरली, पुन्हा फिरली. पाद्री थंडीने पाय आपटत होते. एंडेल मामा म्हणाला, "आण गं ती छिन्नी इकडे. गायकाची वाट बघत राहिलो तर आपल्यालाही इथेच पुरावं लागेल." लोक हसले. मावशी हसली नाही. "मुलगा येतो म्हणालाय," ती म्हणाली. "तिने शेवटी त्याचंच नाव घेतलं होतं. जागा राहू दे." आणि आम्ही पेटी उचलली.

त्याच दुपारी टालिनहून राइव्होचा निरोप आला. राइव्हो माझ्या वर्गातला, तिथल्या टीव्ही वाहिनीवर ध्वनी बघतो. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याने लिहिलं होतं, "रात्रीच्या कार्यक्रमासाठी इथे तुझ्या भावाची तालीम चालू आहे. आवाज आज काय लागलाय!"

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मावशीला अजूनही वाटतं की तू बर्फात अडकलास.

त्या कार्यक्रमाने तुझं नशीब फिरलं हे मला कळतं. त्याआधीची वर्षं मी पाहिली आहेत. स्पर्धा जिंकलास, दोन अल्बम आले, मग रेडिओने तुला टाकलं आणि तू स्टॉकहोमच्या जहाजावर, मांसाचे गोळे खाणाऱ्या माणसांसमोर गात राहिलास. आई दोनदा त्या जहाजावर आली. तिला समुद्र सोसत नसे. तरी पर्स मांडीवर घेऊन पहिल्या टेबलापाशी बसली, आणि गाणं संपलं की आत ओकून येऊन पुन्हा त्याच खुर्चीवर. तू हे कधी कुठल्या मुलाखतीत सांगितलं नाहीस. हे खरं आहे म्हणून असेल.

बाबांचा क्रूस त्याच पाइनवर तूच कोरलास. सतरा वर्षांचा होतास. आडवी रेघ डावीकडे उतरली आहे, कारण तुझा हात थरथरत होता. तेव्हा मामाने मनगट धरायला हात पुढे केला, तर तू म्हणालास, "हात लावू नका, माझे वडील आहेत." ती तिरकी रेघ अजून दिसते. तिच्यावर गाणं केलं असतंस तर मी तुझा आवाज जन्मभर सांभाळला असता.

आवाजाचं निघालंच आहे म्हणून सांगते. तुझ्या कार्यक्रमांत मी मिक्सरवर बसले की माझ्या कानात फक्त तू असतोस. गिटार नाही, ड्रम नाही, टाळ्या नाहीत. "मी कोरला" या शब्दांआधी तू दर वेळी श्वास घेतोस. चालीत तिथे श्वासाला जागा नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो काढून टाकता येतो, स्टेजवर येत नाही. लोकांना वाटतं तुला हुंदका आला.

आता काल काय झालं ते. मावशीने व्हिडिओ बघितला, चष्मा पुसला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"हे झाड कुठलं?"

मी म्हटलं, टालिनजवळचं असेल. तिकडे उजेड चांगला पडतो.

"त्या वाटेने तुमच्या आईला कोणी नेलंच नाही." मग पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "डिंक बघ कसा गळतोय. ताजा घाव आहे. क्रूस कोरायचा तो कोणीतरी गेल्यावर. इथे मेलंय कोण, ते तरी विचार त्याला."

मला हसू आलं. मग तिला खोकला आला आणि खूप वेळ थांबला नाही.

त्या खोकल्याचं कारण तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. जानेवारीपासून मावशी आईच्या घरात दाराला कडी लावत नाही. "क्रूस नाही म्हणजे ती अजून वाटेवरच आहे. रात्री आली आणि दार बंद असलं तर?" वाऱ्याने दार उघडतं. मार्चमध्ये तिला न्यूमोनिया झाला, व्होरूच्या इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, असा दुसरा हिवाळा तिला झेपणार नाही. मी नवीन कुलूप बसवून दिलं. तिने किल्ली पिठाच्या डब्यात टाकली.

तुला वाटेल, म्हातारीचं खूळ. मी ध्वनितंत्र शिकले आहे, जिवाबिवाचं मला काही मोजता येत नाही. मागच्या आठवड्यात मी तिथे राहिले. मावशी झोपल्यावर दारापाशी गेले. कडी मीही लावली नाही.

जूनच्या तिसऱ्या रविवारी आपल्या दफनभूमीचा दिवस आहे. सगळे मेणबत्त्या घेऊन येतील. त्याआधी सकाळी घरून निघायचं, वळणावर थांबायचं, आणि बाबांच्या खाली तू आईचा क्रूस कोरायचा. कॅमेरा नाही, गिटार नाही. "उशीर झाला तर झाला," मावशी म्हणते, "तुझ्या आईला वाट बघायची सवय आहे." तुझं 'नाही' आलं, किंवा काहीच आलं नाही, तर छिन्नी मी घेईन. मावशीची हरकत नाही. फक्त आधी तुला विचारावं, एवढंच तिचं म्हणणं. पण तसं झालं, तर गायनमैदानावरच्या तुझ्या मोठ्या कार्यक्रमाला मिक्सरवर दुसरं कोणी बघ. पेपरवाल्यांशी मी बोलणार नाही. ती भीती मनातून काढ.

१२ जूनपर्यंत उत्तर पाठव. हो किंवा नाही, तेवढं पुरे.

जागा अजून राखलेली आहे.

पिलेरीन